उपदंश आणि अनुपान : शुष्कमांसाच्या तबकासोबत मद्याची योजना

चिकित्सालयात आणि औषधालयाच्या काउंटरवर अलीकडे एक प्रश्न वरचेवर विचारला जातो. मुलगा किंवा सून परदेशी असते, तिकडच्या मुक्कामात किंवा मुंबई-पुण्याच्या एखाद्या समारंभात लाकडी फळीवर मांडलेले खारवलेले मांस, चीज, ऑलिव्ह आणि अंजीर असे तबक समोर येते, सोबत वाईनचा पेला किंवा कॉकटेल येते. आणि परतल्यावर रुग्ण विचारतो, ‘वैद्यराज, यातले काय कशाबरोबर घ्यावे? आणि वाईन म्हणजे आपले द्राक्षासवच ना?’ या प्रश्नाला केवळ ‘वर्ज्य’ म्हणून उत्तर देणे सोपे आहे. परंतु ज्याला घ्यायचे आहे तो घेतोच, आणि पुढच्या वेळी वैद्याला विचारत नाही, एवढाच त्याचा परिणाम होतो. उलट, ‘संहितेत मद्य सांगितले आहे’ असे म्हणून मान डोलावणे हे त्याहूनही घातक. प्रस्तुत लेखात या पाश्चात्त्य प्रथेचा आपल्या अनुपान-सिद्धांताच्या अंगाने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम पदार्थ समजून घेऊ. ‘शार्क्युटरी’ हा फ्रेंच शब्द ‘मांस’ आणि ‘शिजवलेले’ या दोन शब्दांपासून झाला आहे. मूळ अर्थ डुकराच्या मांसापासून टिकाऊ पदार्थ करणाऱ्याचा व्यवसाय, किंवा त्याचे दुकान. यात मीठ लावून महिनोन्महिने वाळवलेली मांडी येते (इटलीतील पार्मा हॅम, स्पेनमधील इबेरिको हॅम), आंबवून सुकवलेले सॉसेज येते (सलामी, सोसिसाँ), आणि स्वतःच्याच चरबीत मंद शिजवलेले रियेत व पाते हे मऊ प्रकारही येतात. चरकाचार्यांच्या परिभाषेत पहिल्या दोन प्रकारांना ‘वल्लूर’ म्हणजे शुष्कमांस म्हणावे लागेल. मद्यासोबत तोंडी लावण्याच्या पदार्थाला आपल्याकडे ‘उपदंश’ हा जुना शब्द आहे. वैद्यांना तो वाचताच सुश्रुताच्या निदानस्थानातील बारावा अध्याय आठवेल, पण येथे अर्थ निराळा, हे सांगणे नलगे.

आता मुख्य मुद्दा. अन्नाच्या गुणांच्या विपरीत गुणांचे, परंतु धातूंना विरोधी नसलेले पेय हे त्या अन्नाचे योग्य अनुपान होय, असा नियम चरकाने सूत्रस्थानाच्या सत्ताविसाव्या अध्यायात दिला आहे आणि वाग्भटानेही तो स्वीकारला आहे. युरोपातील पेयतज्ज्ञांनी शेकडो वर्षांच्या अनुभवातून काढलेल्या जोड्या या नियमाच्या प्रकाशात पाहिल्या, तर बहुतेक ठिकाणी हाच न्याय दिसतो. खारवलेले डुकराचे मांस गुरु, स्निग्ध, लवणरसप्रधान. चरबीने जिभेवर लेप चढवणारे. त्याचे विपरीत काय? अम्ल, लघु, तीक्ष्ण, विशद. मद्याचे जे दहा गुण चरकाने चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात सांगितले आहेत, त्यांत हे सर्व येतात. सुश्रुताने तर अनुपानाच्या प्रकरणात स्पष्टच म्हटले आहे की, ज्यांना मद्याचे सात्म्य आहे त्यांना सर्व प्रकारच्या मांसावर मद्य हे प्रशस्त अनुपान आहे. त्याच ठिकाणी मद्य न पिणाऱ्यांसाठी त्याने जे सांगितले आहे, त्याकडे शेवटी येऊ.

प्रत्यक्ष जोड्या पाहू. उत्तर इटलीत पार्मा, मोदेना, बोलोन्या ही गावे एकाच पट्ट्यात आहेत. पार्म्याचे हॅम आणि बोलोन्याची मोर्ताडेला (हे शिजवलेले जाड सॉसेज, त्यात चरबीचे पांढरे चौकोनी तुकडे दिसतात) यांसोबत तेथील लोक लाम्ब्रुस्को नावाची तांबडी, फेसाळ, आंबट आणि बेताच्या मद्यांशाची वाईन घेतात. फेस आणि आम्लता यांनी जिभेवरचा स्निग्ध लेप सुटतो आणि पुढच्या घासाला रुची राहते. पांढऱ्या वाईनबाबत जो अनुभव सर्वत्र सांगितला जातो, तो येथे तांबड्या वाईनलाही लागू पडतो, कारण तिच्यात कषायता कमी आहे. हा तपशील महत्त्वाचा आहे. तांबड्या वाईनमधील टॅनिन हा कषाय रसाचा अंश होय. तो लाळेतील प्रथिनांना बांधतो, म्हणून तोंड आकसते. काबेर्ने सोव्हिन्यों-सारख्या कषायप्रधान वाईनबरोबर ताजे भाजलेले मांस चांगले लागते. पण मुरलेल्या, मांसरसाने गच्च अशा खारट हॅमबरोबर तीच वाईन कडवट व धातूसारखी लागते. ‘मांस म्हणजे तांबडी वाईन’ हा आपल्याकडे रूढ झालेला समज म्हणूनच अपुरा आहे.

स्पेनच्या दक्षिणेस हेरेझ गावच्या परिसरात ‘फिनो’ ही शेरी होते. पिंपातील वाईनवर यीस्टचा पांढरा थर धरतो, त्याच्या आच्छादनाखाली ती मुरते. मद्यांश सुमारे १५ टक्के, गोडी जवळजवळ शून्य. ओकची फळे खाऊन पोसलेल्या इबेरिको डुकराची चरबी ऑलिव्ह तेलातील ओलेइक आम्लाने समृद्ध असते व तोंडातील उष्णतेनेच विरघळू लागते. त्या स्निग्धतेला फिनोची रूक्षता हे अत्यंत उचित उत्तर आहे. पेला लहान, वाईन थंड, मांसाचे काप कागदासारखे पातळ. या प्रथेत मात्रेचा विवेक आपोआप साधला जातो, म्हणून आमच्या मते सर्व जोड्यांत ही सर्वांत शास्त्रशुद्ध आहे.

फ्रान्समध्ये ल्योंच्या सोसिसाँसोबत जवळच्याच बोजोले प्रांताची गामे द्राक्षांची हलकी वाईन, किंचित थंड करून. लुआर नदीकाठच्या तूर परिसरातील रियेतसोबत तेथीलच वूव्रे, म्हणजे शेनिन ब्लांक या द्राक्षाची आम्लप्रधान वाईन. शेनिन ब्लांक नाशिक परिसरातही पुष्कळ पिकते, आणि आपल्याकडे मिळणारी वाईन निवडायची झाल्यास चरबीयुक्त मऊ मांसप्रकारांबरोबर तीच अधिक जुळते. मात्र आपल्याकडील काही बाटल्यांत गोडी राखलेली असते, ती लेबलावर पाहून घ्यावी. पात्यासोबत लहान आंबवलेल्या काकड्या देण्याची पद्धत आहे. व्हिनेगरचा हा अम्लरस वाईनच्या अम्लरसाहून प्रबळ झाला, की वाईन पाणचट लागते. मध, मुरंबा, अंजीर यांच्याबरोबर कोरडी वाईन उगीचच आंबट भासते. म्हणजे तबकावर सहा पदार्थ आणि पेल्यात एकच वाईन असली, तर सगळ्यांशी तिचे जमणार नाही. अनुपान हे एकेका अन्नाचे असते, तबकाचे नसते.

तिखटाचा प्रश्न आपल्या रुग्णांच्या अधिक जवळचा आहे. इटलीच्या दक्षिण टोकाला कालाब्रियात ‘न्दुया’ नावाचे मिरचीने लाल झालेले, पावाला फासता येईल इतके मऊ सॉसेज होते. गोव्याचे चोरीस हे पोर्तुगीज परंपरेतून आलेले तिचेच दूरचे भावंड म्हणता येईल : डुकराचे मांस, मीठ, लाल मिरची, व्हिनेगर, उन्हात व धुरावर सुकवलेले. कटुरस आणि मद्य दोघेही उष्ण, तीक्ष्ण. मद्यांश जितका अधिक, तितकी मिरचीची आग वाढते; म्हणून चोरीसबरोबर फेणी हे समानगुणांचे अनुपान झाले, विपरीतगुणांचे नव्हे. किंचित गोड, कमी मद्यांशाची, थंड पांढरी वाईन येथे बरी. पित्तप्रकृतीच्या, अम्लपित्ताच्या किंवा अर्शाच्या रुग्णाने मात्र हा संपूर्ण प्रकारच टाळावा, हे सांगताना वैद्याने संकोच करू नये.

कॉकटेलचे शास्त्र थोडे निराळे आहे, आणि आमच्या वाचकांना त्यात विशेष रस वाटावा. भोजनापूर्वी घ्यावयाची युरोपीय पेये, ज्यांना ‘अपेरितीफ’ म्हणतात, ती मुख्यतः तिक्तरसप्रधान असतात. व्हर्मुथ म्हणजे वनस्पती घालून सिद्ध केलेली वाईन. तिचे नाव ‘वेर्मूट’ या जर्मन शब्दावरून आले, म्हणजे आर्टेमिसिया ॲब्सिन्थियम ही कडू वनस्पती. ज्योतिबाला चैत्रात वाहिला जाणारा दवणा याच आर्टेमिसिया गणातील. आल्प्स पर्वतातील जेन्शनचे मूळ अनेक युरोपीय कडू मद्यांचा आधार आहे, आणि आपले किराततिक्त, म्हणजे काडेचिराईत, हे त्याच कुळातले. तिक्तरसाने दीपन होते हा अनुभव त्यांनाही आला, आपल्यालाही आला. फरक एवढाच की आपण त्याचा काढा व चूर्ण केले आणि त्यांनी त्याला साखर व मद्यात बसवले. त्यामुळे निग्रोनी हे जिन, कंपारी आणि गोड व्हर्मुथ यांचे समभाग मिश्रण खारट सलामीसोबत का शोभते, हे उघड आहे : लवणरसाने तिक्तता सौम्य होते आणि तिक्तरसाने स्निग्धता तुटते. रसशास्त्राच्या दृष्टीने जोडी उत्तम आहे. मात्रेच्या दृष्टीने नाही.

हिशेब करून पाहू. निग्रोनीत तिन्ही द्रव्ये ३० मिलि धरली आणि त्यांचा मद्यांश अनुक्रमे ४०, २५ आणि १६ टक्के मानला, तर शुद्ध मद्य सुमारे २४ मिलि, म्हणजे १९ ग्रॅमच्या आसपास होते, आणि तेही केवळ ९० मिलि द्रवात. १३ टक्क्यांच्या वाईनच्या १५० मिलि पेल्यात सुमारे १५ ग्रॅम. फिनोच्या ७५ मिलि पेल्यात सुमारे ९ ग्रॅम. आता आमच्या काउंटरवरच्या प्रश्नाकडे येऊ. द्राक्षासवाची एका वेळची मात्रा २० मिलि आणि त्यातील स्वजनित मद्यांश १० टक्के धरला, तर मद्य दीड ग्रॅमच्या थोडे वर जाते, आणि तेही समभाग पाण्यासह, भोजनोत्तर. वाईनचा एक पेला म्हणजे त्याच्या नऊ-दहा पट. ‘वाईन म्हणजे द्राक्षासवच’ या म्हणण्याला हे आकडे हेच उत्तर आहे. रुग्णासमोर कागदावर मांडून दाखवावेत. काही विक्रेते वाईनला ‘आयुर्वेदसंमत’ ठरवण्याचा प्रयत्न करतात, त्यांनाही तेच उत्तर.

प्रकृतीनुसार मद्याचा विचार चरकाने केला आहे, तो येथे उपयोगी पडतो. वातप्रधान व्यक्तीला प्रायः गूळ व पिष्ट यांची मद्ये, आणि कफपित्ताधिक व्यक्तीला द्राक्षांचे मार्द्वीक व मधाचे माधव. कफप्रकृतीने यव-गोधूमाचे अन्न, जांगल प्राण्यांचे मांस आणि मिरे यांसह प्यावे. पित्तप्रकृतीने मधुर, स्निग्ध, शीत अन्नासह. तबकावरील डुकराचे मांस जांगल नव्हे, आनूप. तेव्हा स्थूल, कफप्रधान रुग्णासाठी वाईन मार्द्वीक असली तरी तबक प्रतिकूलच राहते. पेय बरोबर, पण भक्ष्य चुकले, असे हे उदाहरण. मद्य देण्यापूर्वी अन्न, पान, वय, व्याधी, बल, काल, दोष आणि सत्त्व अशा आठ त्रिकांचा विचार करावा, हे त्याच अध्यायातले मार्गदर्शन किती रुग्णांच्या बाबतीत आपण खरोखर वापरतो, हा प्रश्न आम्ही वाचकांवर सोपवतो.

सर्वांत महत्त्वाचे वचन मात्र मद्याच्या अध्यायात नाही, ते सूत्रस्थानाच्या पाचव्या, मात्राशितीय अध्यायात आहे. तेथे नित्य सेवनाला अयोग्य म्हणून सांगितलेल्या द्रव्यांत वल्लूर आहे, वराहमांस आहे, आणि कूर्चिका व किलाट हे दुधाचे घट्ट झालेले प्रकारही आहेत. म्हणजे शुष्कमांस, डुकराचे मांस आणि चीजच्या जातीचे पदार्थ, अर्थात आजच्या तबकाचा बहुतांश भाग, चरकाच्या एकाच यादीत सापडतो. पण शब्दयोजना पाहावी. आचार्यांनी ‘खाऊ नये’ असे म्हटलेले नाही. ‘अभ्यास करू नये’, म्हणजे सवय लावू नये, असे म्हटले आहे, आणि कारण दिले आहे ते गौरवाचे. या एका शब्दभेदावर आमचे सर्व उत्तर उभे आहे. वर्षातून दोन-तीनदा समारंभात चार काप खाणाऱ्या निरोगी माणसाला भय घालण्याचे कारण नाही. दर शनिवारी तबक मांडणाऱ्याला मात्र स्पष्ट शब्दांत थांबवले पाहिजे.

आधुनिक ज्ञान याच दिशेने बोलते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली प्रक्रिया केलेल्या मांसाचा समावेश मानवात कर्करोगकारक ठरलेल्या पहिल्या गटात केला. रोज ५० ग्रॅम सेवनाने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असे त्या वेळी सांगितले गेले. येथेही शब्द ‘रोज’ हाच आहे. मद्य त्याच गटात १९८८ पासून आहे, आणि मद्याची कोणतीही मात्रा आरोग्यास पूर्ण निर्धोक म्हणता येत नाही, अशी भूमिका संघटनेने २०२३ च्या जानेवारीत मांडली. मिठाविषयी : हॅमच्या १०० ग्रॅममध्ये ५ ग्रॅमच्या आसपास मीठ असू शकते, दिवसभराची मर्यादाही ५ ग्रॅमचीच. म्हणजे पन्नास ग्रॅम हॅमने निम्मा वाटा संपला. रक्तदाबाच्या रुग्णाला ‘थोडेसे’ हा शब्द म्हणूनच वापरू नये, कापांची संख्या सांगावी. नायट्राइटबद्दलही विचारणा होते. बोट्युलिझमच्या जिवाणूस रोखण्यासाठी ते बहुतेक सॉसेजमध्ये घातले जाते. त्या रोगाचे नावच सॉसेजच्या लॅटिन शब्दावरून पडले आहे. पार्मा हॅममध्ये मिठाखेरीज काही घालत नाहीत, परंतु म्हणून ते अप्रक्रियित ठरत नाही.

औषधालय चालवणाऱ्या सदस्यांनी पुढील भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा, कारण हा धोका तबकावर दिसत नाही. मुरलेले चीज, आंबवून सुकवलेले सॉसेज आणि काही वाईन व बिअर यांत टायरामीन असते. नैराश्यासाठी जुन्या पद्धतीची एम.ए.ओ. प्रतिबंधक औषधे किंवा लिनेझोलिड हे प्रतिजैविक चालू असलेल्या रुग्णाचा रक्तदाब त्याने एकाएकी भयावह वाढू शकतो. आपल्या देशात त्याहून महत्त्वाचे औषध म्हणजे आयसोनियाझिड. क्षयाचा उपचार घेणाऱ्या रुग्णाला अशा अन्नाने तोंड लाल होणे, धडधड, डोकेदुखी असा त्रास होऊ शकतो, आणि मद्याने त्याच्या यकृतावरचा भार वाढतो तो निराळाच. मेट्रोनिडाझोलच्या माहितीपत्रकात मद्य वर्ज्य सांगितलेले असते. येथे आपल्यालाही अंतर्मुख व्हावे लागेल : ज्या काळात मद्य वर्ज्य, त्या काळात आसव-अरिष्टही थांबवणे सुसंगत होय, आणि ती बाटली देताना रुग्ण इतर कोणती औषधे घेतो, हे विचारण्याची सवय आपल्या काउंटरवर असली पाहिजे. मधुमेहाच्या रुग्णाने इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे घेऊन रिकाम्या पोटी कॉकटेल घेतले, तर रक्तशर्करा खाली जाऊ शकते, आणि त्याची भ्रमित अवस्था सोबतच्यांना केवळ नशा वाटते. वाग्भटाने मार्द्वीकाच्या गुणांत मेहाचा उल्लेख केला आहे. त्याचा दाखला अशा रुग्णाला देणे सर्वथा अनुचित. गर्भिणीला मद्य तर नाहीच, पण लिस्टेरियाच्या भयाने तबकावरील न शिजवलेले मांस व मऊ चीजही नाही.

विरुद्धाहाराविषयी थोडक्यात. दूध व अम्लद्रव्ये यांचा विरोध सर्वश्रुत आहे, आणि सुरा, कृशरा व पायस एकत्र घेऊ नयेत असेही संहिता सांगतात. मुरलेले चीज हे दूध मानावे की किलाटाच्या जवळचे, यावर मतभेद संभवतो. आम्ही दुसऱ्या मताचे आहोत, आणि वाईनसोबत चीज हे थेट विरुद्ध मानत नाही. परंतु गोड दुधाची मिष्टान्ने त्याच पंगतीत असतील, तर ती वेगळ्या वेळी घ्यावीत.

रुग्णाने विचारल्यास आम्ही असे सांगतो : आधी भोजन, मग तबक, रिकाम्या पोटी नाही. पेय एकच निवडावे आणि ते वाईन किंवा फिनो असावे, कॉकटेल नसावे. घ्यायचेच असल्यास निग्रोनीऐवजी व्हर्मुथ व सोडा, लहान पेल्यात. मांस पातळ कापलेले, तीन-चार काप. सोबत पाव, काकडी, मुळा. मध-मुरंब्याचा ढीग नको. आणि जे मद्य पीत नाहीत, त्यांच्यासाठी सुश्रुताने मांसावर पाणी किंवा फळांचा अम्लरस सांगितला आहे. डाळिंबाचा रस, कोकमाचे सार, लिंबू पिळलेला सोडा : चरबी व मीठ यांवर अम्लरसाचे जे कार्य वाईन करते, तेच ही पेये करतात. ज्याने आजवर मद्य घेतलेले नाही, त्याने तबकाच्या निमित्ताने ते सुरू करण्यास शास्त्रात कोठेही आधार नाही. त्याला कोकम द्यावे, साखर बेताची घालून, थंड, आणि त्यात किंचित जिरे.